या वयात चालायचंच

२ जानेवारी. सकाळी ११.

डॉक्टरांकडे जाऊन आले. उजवा गुडघा. पन्नास मिनिटं बसवून ठेवलं. समोरच्या भिंतीवर दातांचा तक्ता, आणि हे डॉक्टर हाडांचे. रिसेप्शनिस्टच्या नजरेस आणून दिलं. तिने तक्त्याकडे जन्मात पहिल्यांदा पाहत असल्यासारखं पाहिलं.

डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला. कट्ट असा आवाज आला. तो दोघांनीही ऐकला. मग म्हणाले, "या वयात एवढं चालायचंच."

बस. ना गोळी, ना इंजेक्शन. हल्ली असा डॉक्टर मिळत नाही. चालायचंच म्हणाले. "च" लावून. पण "एवढं" म्हणजे केवढं, ते विचारायच्या आत त्यांनी पुढच्या पेशंटची बेल दाबली होती.

३ जानेवारी. चहानंतर.

"एवढं" केवढं ते ठरवलं. एकशे चाळीस किलोमीटर.

उगाच आकडा नाही. डोंगरावरच्या तीर्थस्थानाची पदयात्रा, एप्रिलमध्ये, सात दिवस. हे काम अकरा वर्षं पेंडिंग आहे. माझं नव्हे, ह्यांचं. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ह्यांनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये शब्द दिला होता, की ही बरी झाली तर मी त्या डोंगरावर चालत जाईन. मी तेव्हा भुलीखाली. नंतर ह्यांच्याकडूनच ओझरतं कळलं; साक्षीदार फक्त नणंद. मी आठ दिवसांत बरी झाले. ह्यांनी बूटही आणले. मग कधी ऊन फार, कधी मॅच, कधी कंबर. आणि दोन वर्षांपूर्वी काम तसंच टाकून कायमचे निघून गेले.

चौतीस वर्षं मी आवक-जावक विभाग सांभाळला. निवृत्त झाले त्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला माझ्या ट्रेमध्ये एकही कागद नव्हता. आणि माझ्याच घरात अकरा वर्षांचं प्रलंबित प्रकरण. रोज कपाट उघडलं की बुटांचा खोका दिसतो.

ते काम आता माझ्याकडे वर्ग झालं आहे. डॉक्टरांची मंजुरीही आली.

५ जानेवारी.

घरात जाहीर केलं. चिरंजीव म्हणाले, आई, एकशे चाळीस की चौदा? सूनबाई म्हणाली, आई, आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन बघू या का. मी म्हटलं, वैद्यकीय सल्ला आहे. चिरंजीवांनी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं, पण खांदे हलत होते.

वेळापत्रक करायला घेतलं आहे. तीन रंगांची शाई. चाल हिरव्याने, आहार निळ्याने, विश्रांती लाल.

८ जानेवारी.

वेळापत्रक झालं. चार दिवस लागले, पण काम फ्रेम करण्यासारखं. या चार दिवसांत चालणं झालं नाही. पाया आधी भरावा लागतो.

९ जानेवारी. सकाळी ६.१०.

पहिला दिवस. उद्दिष्ट: पाच किलोमीटर.

सकाळी ७.

बागेच्या फाटकापर्यंत गेले. तिथे हिरवा बाक. शास्त्रोक्त पद्धतीने नाडी मोजायला बसले. नाडी मोजताना मध्येच उठता येत नाही. मग ऊन आलं. परत येताना बस समोरच उभी राहिली. कंडक्टरने हात केला, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

चाल: साधारण सहाशे मीटर. परतीला बसने आले ते अंतर वेगळं दाखवावं का, यावर विचार चालू.

१० जानेवारी.

माझ्या नव्या बुटांचा दोष. टाचेला चावतात. दुकानदारीण म्हणे, बाई, चार दिवसांत पायाला बसतील. मी म्हटलं, बूट पायाला बसायचा की पाय बुटात बसायचा, हे आधी ठरवा. तिने खोक्याची पावती पाहिली. मी माझ्या मापापेक्षा एक नंबर लहान घेतला होता, असं तिचं म्हणणं. कॉन्व्हेंटपासून माझा पाय पाच नंबरचाच आहे. पाय वाढतात हे मी मान्य करत नाही.

१६ जानेवारी.

पावसाची शक्यता. घरातच सराव. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर डोक्यावर जाडजूड डिक्शनरी ठेवून कॉरिडॉरभर चालायला लावायच्या. पाठ ताठ, हनुवटी वर, नजर समोर. आजही डिक्शनरी पडली नाही. हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत, नऊ फेऱ्या. दहाव्या फेरीत सूनबाईने फ्रीज उघडा ठेवला होता. डिक्शनरी दह्यात.

पाऊस आला नाही.

त्याच शाळेत मराठी बोललं की दंड म्हणून उभं राहायला लागायचं, बाकावर. तरी माझं मराठी आज या घरात सगळ्यांत शुद्ध आहे. सासूबाईंकडून आणि सरकारी परिपत्रकांतून शिकले. चिरंजीव "माझी मदत कर" म्हणतात.

१९ जानेवारी.

आयोजकांचा फॉर्म भरून पाठवला. हा गृहस्थ गेली वीस वर्षं ही पदयात्रा नेतो. बोलतो कर्ण्यातून, समोर एकच माणूस असला तरी. मी त्याचं नाव भोंगा ठेवलं आहे. सामानाची एक गाडी बरोबर असते. गेल्या वर्षी ती वाटेत बंद पडून लोकांनी ओल्या कपड्यांवर दोन दिवस काढले, असं कळलं. लगेच पत्र लिहिलं. टायर कधी बदलले? कागदपत्रं कुठे आहेत? चालक चष्मा लावतो का? प्रत ठेवली आहे.

२५ जानेवारी.

बेबी आली. बेबी म्हणजे नणंद. वय सदुसष्ट. जन्मल्या दिवशी जे नाव पडलं ते अजून कोणी उचललं नाही. नर्सिंगमध्ये होती, आता एकटीच राहते, दोन गल्ल्या पलीकडे. तिला कोणी सांगितलं कोण जाणे (सूनबाई). म्हणाली, वहिनी, मीपण येते. दादाचं काम आहे.

मी म्हटलं, बेबी, हे एकशे चाळीस किलोमीटर आहेत, भाजी आणायला जाणं नव्हे. तुझ्याने होणार नाही. ती म्हणाली, बघू. हीच तिची सवय. "बघू" म्हणते आणि मग आपल्याला बघावं लागतं.

जाताना कपाटाकडे पाहून म्हणाली, दादाचे बूट मी घालू का? पुढे कापूस कोंबला की होतील मला.

मी आधी गॅस पेटवला. मग चहा केला. मग खोका काढून दिला. परतीच्या बोलीवर. पोच लिहून घेतली: "बूट, पुरुषांचे, तपकिरी, एक जोड, न वापरलेले." बेबीने सही केली आणि तारीख चुकीची टाकली.

३ फेब्रुवारी.

बेबीची चाल बिघडलेली आहे. खांदे पडलेले, पाय फेंगडे. सदतीस वर्षं वॉर्डात धावून असंच होतं. मार्गदर्शनाशिवाय ती पहिल्याच दिवशी कोसळेल. म्हणून ठरवलं आहे की माझा सराव थोडा मागे ठेवायचा आणि आधी हिला तयार करायचं. मी हिरव्या बाकावर बसते, ती तळ्याला फेऱ्या मारते. माझ्याकडे शिट्टी. एक शिट्टी: पाठ ताठ. दोन: हनुवटी. तीन: थांब.

तीनदा वाजवली की ती थांबत नाही. ऐकू येत नाही म्हणते.

११ फेब्रुवारी.

आज अकरा किलोमीटर.

म्हणजे टीमचे. फेऱ्या बेबीच्या, नियोजन माझं. रजिस्टरमध्ये एकत्रच मांडते. फुकटच्या बारकाव्यांत शिरण्यात अर्थ नाही.

२६ फेब्रुवारी.

बागेचा रखवालदार आला. शिट्टीबद्दल तक्रारी आहेत म्हणे. एका आजोबांना वाटतं बाग बंद व्हायची वेळ झाली, ते रोज चालणं अर्धवट टाकून घरी जातात. मी विचारलं, तक्रार लेखी आहे का? नव्हती. मग मी त्याला तक्रार अर्ज कसा लिहायचा ते समजावून सांगितलं. विषय, संदर्भ, मजकूर. तो ऐकत राहिला. उद्यापासून शिट्टीऐवजी हातरुमाल.

९ मार्च.

टीमचे एकूण दोनशे सहा किलोमीटर. म्हणजे आम्ही डोंगरावर जाऊन अर्ध्या वाटेने परतही आलो असतो.

सूनबाईने विचारलं, यातले तुमचे किती, आई? प्रश्नाचा सूर बरोबर नव्हता.

(एकोणीस. बस धरून.)

१५ मार्च.

लांब पल्ल्याची चाचणी. बारा किलोमीटर, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. पहाटे निघालो. दीड किलोमीटरवर माझ्या गुडघ्याने कट्ट केलं. बेबी म्हणाली, वहिनी, बसा. मी म्हटलं, मी बसत नाही, मी पुढे जाऊन पाण्याची सोय बघते. बसने टाकीपाशी पोचले. बेबी अडीच तासांनी आली. ह्यांच्या बुटांवर धूळ. चेहरा लाल. हसत होती.

मी म्हटलं, वेग वाढव.

तिला येताना लांबून पाहिलं, त्या बुटांमुळे, तेव्हा क्षणभर वेगळंच वाटलं होतं. ते इथे लिहायची गरज नाही.

२० मार्च. दुपार.

नोंद करावी की नाही, विचार करत होते. रोजनिशी प्रामाणिक असली पाहिजे.

भोंग्याला डॉक्टरांचं सर्टिफिकेट हवं होतं. गेले. दातांचा तक्ता तिथेच. डॉक्टरांना म्हटलं, आपण सांगितल्याप्रमाणे चालते आहे, आता एकशे चाळीस किलोमीटरचं सर्टिफिकेट द्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी कधी सांगितलं, म्हणाले. मी तारीख, वेळ आणि वाक्य सांगितलं: "या वयात एवढं चालायचंच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू म्हणाले, "बाई, चालायचंच म्हणजे... व्हायचंच. वय झालं की गुडघे दुखायचेच, असं."

बाहेर रिसेप्शनिस्टच्या हातून स्टेपलर पडला.

माझं मत: डॉक्टरांनी आपला सल्ला बदलला. हल्ली कोणी शब्दावर ठाम राहत नाही. "व्हायचंच" म्हणायचं होतं तर "व्हायचंच" म्हणावं. माणसं शब्द असे सैल वापरतात आणि मग दोष ऐकणाऱ्याला.

शेवटी त्यांनी लिहून दिलं: "प्रवासास हरकत नाही." प्रवास म्हणजे प्रवास. चालणं हा प्रवासच.

२१ मार्च.

घरी कोणाला सांगितलं नाही. बेबीलाही. बाक रिकामा होता तरी बसले नाही, तळ्याला एक पूर्ण फेरी मारली. बेबी शेजारून चालत होती. तिला गप्प बसता येतं हे मला माहीत नव्हतं.

फेरी: चारशे पन्नास मीटर. गुडघ्याला दोन दिवस बर्फ.

पण ते काम टाकता येणार नाही. सल्ला बदलला, तरी ह्यांचा शब्द बदललेला नाही.

२९ मार्च.

भोंग्याचा फोन. माझी चारही पत्रं पोचली म्हणे. सर्टिफिकेटही. मग कर्ण्यातून विचारतात तसं विचारलं, "बाई, तर मग तुम्हाला गाडी चालेल ना?"

चार पत्रांनंतर हा मलाच विचारतो गाडी चालेल का. मी म्हटलं, "चालायलाच हवी. नाही चालली तर मी तुम्हाला सोडणार नाही."

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. मनापासून आभार मानले. म्हणाला, मोठाच प्रश्न सोडवलात. टायरचं काम करून घेतलेलं दिसतं. पत्रव्यवहाराचा उपयोग होतो, लोक कंटाळा करतात इतकंच.

८ एप्रिल.

बॅग भरली. पट्ट्या, बँडेज, डिक्शनरी (छोटी), रजिस्टर, शिट्टी. चिरंजीवांनी बॅग उचलून पाहिली आणि खाली ठेवली. म्हणाले, आई, काही झालं तर फोन कर, मी घ्यायला येईन. मी म्हटलं, काही होणार नाही. त्यांनी माझे चपटे, जुने, सहा नंबरचे सँडल गुपचूप बॅगेत घातले. मी पाहिलं. काढले नाहीत.

९ एप्रिल. पहाटे ५.४०. मैदान.

मांडीवर रजिस्टर ठेवून लिहिते आहे, अक्षर वाचता येईल अशी आशा.

भोंग्याने यादी वाचली. चालणारे: एक्केचाळीस. त्यात बेबी. मग म्हणाला, गाडी: चालक, स्वयंपाकी आणि आपल्या बाई. टाळ्या वाजवल्या लोकांनी. म्हणाला, या वयात बाईंनी स्वतःहून गाडी स्वीकारली, जबाबदारी घेतली, चार पत्रं लिहिली, असा माणूस वीस वर्षांत भेटला नाही.

मी म्हटलं, मी गाडी स्वीकारलेली नाही. तो म्हणाला, बाई, मी विचारलं गाडी चालेल ना, तुम्ही म्हणालात चालायलाच हवी.

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. बेबी बघत नव्हती. बुटाची नाडी बांधत होती, बांधलेलीच.

मी गाडीत बसले.

९ एप्रिल. सकाळी १०.

भोंग्याविरुद्ध तक्रार मनात तयार आहे. पण गाडीतलं काम असं की त्याला हात लावल्याशिवाय राहवेना. बॅगांना नंबर नव्हते. स्वयंपाकी कुठल्या बॅगेत काय ते वासावरून सांगतो. नंबर घातले. आवक, जावक, दोन रकाने. चालकाचा चष्मा डॅशबोर्डवर होता; डोळ्यांवर आणवला.

११ एप्रिल.

कुणाचे मोजे, कुणाची गोळी, सगळं जागच्या जागी. लोक खिडकीपाशी येऊन "मॅडम" म्हणतात. एकाने विचारलं, तुम्ही दर वर्षी गाडीतच असता का?

मी काच वर केली.

बेबी संध्याकाळी येते, पाय पाण्यात सोडून बसते. फोड आले आहेत. मी पट्ट्या लावल्या. एका टाचेला तीन. तिने आई गं म्हटलं. मी म्हटलं, सांगितलं होतं तुझ्याने होणार नाही. ती म्हणाली, होतंय की वहिनी. खरं म्हणजे होतंय.

चाल, बेबी: ६१. चाल, मी: गाडीभोवती.

आज एकत्र मांडलं नाही. दोन वेगळे रकाने केले.

१४ एप्रिल.

उद्या पोचतो. ठरवलं आहे की गाडीतून उतरायचं नाही. चाललेच नाही तर वर जाऊन काय सांगू? गाडीने आले? ह्यांचं प्रकरण "प्रलंबित" म्हणूनच परत न्यायचं. कपाट उघडलं की आता खोकाही नसेल, एवढाच फरक.

१५ एप्रिल. संध्याकाळी ७.

गाडी चढाच्या पायथ्याशी थांबते. पुढे फक्त पायी. चारशे पावलं असतील. सगळे वर गेले. गाणं म्हणत, बेसूर. मी बॅगांचे नंबर पुन्हा तपासत बसले. जुळत होते. पुन्हा तपासले.

बेबी वरून परत आली. लंगडत. दार उघडून म्हणाली, वहिनी, उतरा.

मी म्हटलं, मी चालले नाही, मी येत नाही. ह्यांनी चालत यायचा शब्द दिला होता, अर्धवट काम मी सादर करत नाही.

बेबी पायरीवर बसली. म्हणाली, "दादा चालत येईन म्हणाला नव्हता हो. तो म्हणाला होता, ती उठून चालायला लागली की तिला तिथे घेऊन जाईन. चालायचं तुम्ही होतं, वहिनी. हॉस्पिटलच्या खोलीत. ते तर तुम्ही आठव्या दिवशीच केलंत."

मी विचारलं, मग अकरा वर्षं हे बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी? जानेवारीत सांगणार होते, तर तुम्ही मला पोच लिहायला बसवलंत. आणि नंतर, ती म्हणाली, मला चालायला आवडायला लागलं.

मी विचारलं, मग ह्यांनी बूट कशाला आणले. म्हणाली, दादाला नवे बूट घ्यायला निमित्त लागायचं, तुम्हाला माहीत नाही?

माहीत आहे.

सँडल घातले. सहा नंबर. उतरले. चारशे अकरा पावलं. दोनदा बसले, नाडी न मोजता. बेबीने दंड धरला होता. मी तिला धरून नेलं असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं.

वर वारा होता. लोक बाजूला झाले. मी बॅगेतून रजिस्टर काढलं, "प्रलंबित" वर रेघ मारली, "निकाली" लिहिलं, तारीख, सही. पेन चालेना, बेबीचं घेतलं. मग तिला म्हटलं, "बेबी, एकशे चाळीसमधलं मी काहीच चालले नाही."

ती म्हणाली, "चालायचंच, वहिनी."

या वेळी मला पहिल्याच फटक्यात कळलं.

बूट परत करते म्हणाली. मी म्हटलं, ठेव, वास येतो त्यांना.

उतरताना गुडघा अडला. पूर्ण. प्लॅस्टिकची खुर्ची आणावी लागली. चौघांनी उचलली, स्वयंपाकी धरून. वळणांवर शिट्टी मी वाजवली. चाल, उतरताना: शून्य.

घरी गेल्यावर डॉक्टरांना पत्र लिहायचं आहे. "आपण दोन जानेवारीला म्हणालात ते बरोबर होतं." कोणत्या अर्थाने, ते लिहिणार नाही.